बैलाची शेवटची किंमत : भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून दिसणारा गोवंश कायद्यांचा इतिहास

१/
भंडारा जिल्ह्यातील धानकऱ्याच्या कोठ्यात उभ्या असलेल्या बैलाला दोन किमती असतात. पहिली, तो खांद्यावर जू घेऊ शकतो तोवरची. दुसरी, जू कायमचे उतरल्यानंतरची. पहिली किंमत पाऊस, धानाचा भाव आणि अलीकडे ट्रॅक्टर ठरवतात. दुसरी किंमत मात्र गेली पाऊणशे वर्षे प्रामुख्याने सरकार ठरवत आले आहे. कधी नागपुरातून, कधी मुंबईतून, कधी दिल्लीतून. या दुसऱ्या किमतीचा इतिहास सांगणारा हा दीर्घ धागा.

२/
आधी भूमी. भंडारा हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत तो याहून बराच मोठा होता. माजी मालगुजारी तलावांच्या पाण्यावर येथे धान पिकतो. धानाला चिखलणी लागते आणि चिखलणीला जनावर लागते. रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या गुडघाभर चिखलात बैल चालतो, खोल चिखलात हल्या म्हणजे रेडा चालतो. वर्षभराचे काम थोड्या आठवड्यांत उरकायचे असते. उरलेले महिने जनावर उभे राहते आणि तणस खाते.

३/
ही तणस म्हणजे धानाचा पेंढा. मुबलक, पण सत्त्वाने कमी. ज्वारीच्या कडब्याची बरोबरी तिला करता येत नाही. म्हणजे धानपट्ट्यातील शेतकऱ्याचा पेच मुळातच असा, की जनावर अनेक हवीत, हंगाम छोटा, आणि चारा हलका. ज्या जनावराचे काम संपले, त्याने खाल्लेली प्रत्येक पेंढी ही काम करणाऱ्या जनावराच्या तोंडची असते. पुढील सारा वाद, संविधान सभेपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा, याच पेंढीभोवती फिरतो.

४/
राज्यकर्ते किती बदलले तेही ध्यानात घ्यावे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडचा मध्य प्रदेश झाला, त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. शेतकरी जागचा हलला नाही, राज्ये हलली. प्रत्येक राज्याने आपापला गुरांचा कायदा मागे ठेवला.

५/
रेल्वेपूर्व काळात छत्तीसगडचे धान्य बंजाऱ्यांच्या लमाणी तांड्यांतून, हजारो बैलांच्या पाठीवरून नागपूरकडे येई. बैल हे तेव्हाचे वाहतुकीचे भांडवल होते. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून गेला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाची गरज ओसरत गेली. यंत्र आले, की बैलाची पहिली किंमत घसरते. ट्रॅक्टरने पुढे जे केले त्याची ही रंगीत तालीम होती.

६/
दुसरी किंमत कोठून येई? भंडाऱ्याच्या पश्चिमेस, नागपूरच्या वेशीजवळ, १८२१ मध्ये इंग्रजांनी कामठीची छावणी वसवली. गोऱ्या फौजेच्या शिध्यात गोमांस असे. फौजेबरोबर कसाई आले, कातडीचे व्यापारी आले, गुरे हाकणारे आले. गावच्या आठवडी बाजारातील म्हातारा बैल आणि छावणीतील भटारखाना यांना जोडणारी साखळी अशी तयार झाली. या साखळीतला मधला दुवा म्हणजे हेडी, अर्थात गुरांचा व्यापारी.

७/
१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला. दुष्काळात माणसांआधी चारा संपतो. शेतकरी मिळेल त्या किमतीला जनावर विकतो, न विकले गेलेले दावणीलाच मरते. अशा वर्षांत देशातून कातड्यांची निर्यात फुगे. सुगीच्या दिवसांत बैलाची दुसरी किंमत ही गंगाजळी असते. दुष्काळात सारेच एकदम विकायला निघाल्याने ती कवडीमोल होते. पाऊस झाल्यावर मात्र त्याच शेतकऱ्याला चढ्या भावाने नवी जोडी घ्यावी लागे. कर्ज येथून सुरू होई.

८/
कत्तलीविरोधाचे राजकारणही याच प्रांतात लवकर रुजले. १९२० मध्ये सागरजवळील रतौना येथे एका इंग्रज कंपनीचा मोठा यांत्रिक कत्तलखाना उभा राहत होता. जबलपूरहून निघणाऱ्या ‘कर्मवीर’ पत्रातून माखनलाल चतुर्वेदी यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. सागरचे मुस्लिम कार्यकर्तेही तीत उतरले. सरकारला योजना सोडावी लागली. त्या विरोधात श्रद्धा होती, तसाच एक हिशेबही होता: इतकी जनावरे कापली, तर नांगराला बैल उरणार नाहीत.

९/
हा हिशेब दुसऱ्या महायुद्धात खुद्द इंग्रज सरकारनेच मान्य केला. फौजांच्या मागणीमुळे कामाची जनावरे कमी होऊ लागली, तेव्हा १९४४ मध्ये ठरावीक वयाची कामाची, दुभती आणि गाभण जनावरे कापण्यावर निर्बंध आले. ‘उपयुक्त’ आणि ‘निरुपयोगी’ ही विभागणी तेव्हापासून सरकारी भाषेत घट्ट बसली. पुढील तीस-चाळीस वर्षांचे कायदे याच दोन शब्दांवर उभे राहिले.

१०/
२४ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेत पंडित ठाकुरदास भार्गव यांनी गोवंशरक्षणाचे कलम मांडले. आजचे अनुच्छेद ४८ ते हेच. त्याच्या बाजूने आग्रहाने बोलणाऱ्यांत सेठ गोविंददास आणि डॉ. रघुवीर होते, आणि हे दोघेही मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. कलमाची भाषा मात्र धर्माची ठेवली गेली नाही. कृषी व पशुसंवर्धन आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याच्या वाक्यातच गाई-वासरांच्या व दुभत्या-ओढकामाच्या जनावरांच्या कत्तलबंदीचा निर्देश आला.

११/
या भाषेवरच आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांनी बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: बहुसंख्याकांची धर्मभावना हे कारण असेल तर ते उघड सांगावे, आपण आड येणार नाही, पण अर्थशास्त्राच्या मागल्या दाराने ते आणू नये, कारण निरुपयोगी जनावर पोसणे हे शेतकऱ्याच्या अर्थकारणाला मानवणारे नाही. कलम मंजूर झाले. सादुल्लांचा प्रश्न मात्र पुढील प्रत्येक खटल्यात वेगळ्या वेषात पुन्हा उभा राहिला.

१२/
संविधान लागू होण्यापूर्वीच मध्य प्रांत व वऱ्हाडने १९४९ चा पशुसंरक्षण कायदा केला होता. भंडाऱ्याला लागू झालेला स्वतंत्र भारतातील हा पहिला गुरांचा कायदा. प्रारंभी त्याचा रोख नियमनावर होता. दाखला मिळाला तर कत्तल करता येई. १९५१ च्या दुरुस्तीने गाईची कत्तल बंद झाली. १९५६ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलही बंदीत आले. म्हशी-रेड्यांना तेवढी दाखल्याची वाट मोकळी राहिली.

१३/
याचा अर्थ असा, की संपूर्ण गोवंश हत्याबंदी भंडाऱ्याने प्रथम २०१५ मध्ये पाहिली, हा समज चुकीचा आहे. नागपूरच्या विधानसभेने १९५६ मध्येच ती आणली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भंडारा मुंबई राज्यात गेला. राज्य पुनर्रचनेच्या सर्वसाधारण नियमानुसार जुना कायदा त्या भागापुरता चालू राहिला. परिणामी पुढे महाराष्ट्र झाल्यावरही, विदर्भाचा गुरांचा कायदा वेगळा आणि पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा, अशी स्थिती दीर्घकाळ होती.

१४/
दिल्लीचा सूर त्या काळी निराळा होता. २० डिसेंबर १९५० रोजी केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून संपूर्ण बंदी घालू नये असे सुचवले. कारण कातड्याचे होते. कापलेल्या जनावराचे कातडे मेलेल्या जनावराच्या कातड्यापेक्षा प्रतीने सरस असते आणि त्याला भावही अधिक येतो. सरसकट बंदीने चर्मोद्योगाची आणि निर्यातीची हानी होईल, असा तो हिशेब होता. म्हणजे एकाच वेळी प्रांतिक सरकार बैलाची दुसरी किंमत शून्याकडे नेत होते आणि केंद्र सरकार ती राखू पाहत होते.

१५/
‘मेलेल्या जनावराचे कातडे’ या शब्दांमागे एक न बोललेले गृहीतक होते. मेलेले जनावर गावाबाहेर ओढणारे कोणीतरी असलेच पाहिजे. हे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांना ते सोडून देण्याचे आवाहन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेपासून केले होते. तेच आंबेडकर १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पराभूत झाले. मृत जनावरांचे काम सोडणे हा येथे आत्मसन्मानाचा प्रश्न बनला. गुरांच्या अर्थकारणाचे सरकारी तक्ते मात्र ते काम कोणीतरी करीतच राहील असे धरून चालले होते.

१६/
आता निर्णायक खटला. बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश या तीन राज्यांच्या कायद्यांना कुरेशी समाजाच्या खाटकांनी आव्हान दिले. मध्य प्रदेशचा जो कायदा न्यायालयापुढे होता, तो तोच: मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा, भंडाऱ्यातही लागू असलेला. न्यायालयाला मदत करण्यासाठी जे न्यायमित्र उभे राहिले, ते होते पंडित ठाकुरदास भार्गव. दहा वर्षांपूर्वी संविधान सभेत कलम मांडणारे तेच.

१७/
२३ एप्रिल १९५८ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. गाय व वासरे: संपूर्ण बंदी वैध. बैल, वळू, म्हशी: उपयुक्त असेपर्यंतच बंदी वैध. उपयुक्तता संपल्यावरही बंदी ठेवणे हे खाटकांच्या व्यवसाय-स्वातंत्र्यावर अवाजवी बंधन आणि सार्वजनिक हिताचेही नाही. मध्य प्रदेशचा कायदा वयाची वा उपयुक्ततेची कोणतीही कसोटी न ठेवता बैल-वळूंची कत्तल रोखत होता, तेवढ्यापुरता तो टिकला नाही.

१८/
निकालाचा मोठा भाग चाऱ्याच्या हिशेबाने व्यापलेला आहे. देशात चारा अपुरा; निरुपयोगी जनावरे जगवली तर ती कामाच्या जनावरांचा घास घेतात; परिणामी सारेच गोधन खंगते, असा तो युक्तिवाद. पहिल्या पंचवार्षिक योजनेत भाकड व म्हाताऱ्या गुरांसाठी १६० गोसदने काढण्याचा बेत होता. प्रत्यक्षात त्यांतील थोडीच उभी राहिली. कायद्याने जनावर जगवायचे ठरवले, पण त्याच्या वैरणीची तरतूद झाली नाही, हे न्यायालयाने तेव्हाच टिपले.

१९/
साठच्या दशकात हा वाद जगाच्या विद्यापीठांत पोहोचला. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ मध्ये मांडले, की भारतीयांची गोपूजा आंधळी नसून व्यवहारी आहे. शेण, ओढकाम आणि नवे बैल यांसाठी शेतकऱ्याला गाय जगवणेच परवडते. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी त्याला कडक उत्तर दिले. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांची संख्या मागणी आणि कत्तल यांनी आवरली जाते. गाईबैलांची संख्या मात्र उपासमारीने आवरली जाते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा.

२०/
दांडेकरांचे म्हणणे क्रूर वाटते, पण ते क्रौर्याबद्दलच होते. कत्तल न करणे आणि जगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धानपट्ट्यातला उन्हाळा पाहिलेल्याला हे सांगावे लागत नाही. चैत्र-वैशाखात तलाव आटतात, बांधावरचे गवत करपते. त्या दिवसांत आधी कोणाच्या गव्हाणीतला घास कमी होतो? जे जनावर मृगात जू ओढणार नाही त्याच्याच. सुरी नसली तरी ती निवड शेतकऱ्याला करावीच लागते.

२१/
वादाला पुढची कलाटणी विदर्भातूनच मिळाली. वर्ध्याजवळ पवनार आश्रमात राहणाऱ्या विनोबा भावे यांनी गोहत्याबंदीसाठी ११ सप्टेंबर १९७६ पासून उपोषणाची घोषणा केली. आणीबाणी चालू होती. आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाचा अंक पोलिसांनी जप्त केला. सरकारने आश्वासने दिली, उपोषण टळले, आणि त्याच काळात महाराष्ट्राचा पशुसंरक्षण कायदा, १९७६ तयार झाला. तो १५ एप्रिल १९७८ पासून अमलात आला. विदर्भाचा जुना कायदा त्याने इतिहासजमा केला.

२२/
या कायद्याने १९५८ च्या निकालाची चौकट पाळली. गाय आणि तिची वासरे यांची कत्तल बंद. बैल, वळू आणि म्हशी यांसाठी पशुवैद्यकीय दाखला. ओढकाम, पैदास किंवा दूध यांसाठी जनावर उपयोगी ठरणार असेल तर दाखला नाकारायचा. म्हणजे बैलाची दुसरी किंमत कायदेशीर राहिली, पण ती एका कागदावर अवलंबून झाली. विनोबांना हे पुरेसे वाटले नाही. ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या देवनार कत्तलखान्यासमोर त्यांच्या अनुयायांनी सत्याग्रह मांडला. त्यांची मागणी बैलांसकट बंदीची होती.

२३/
१९७८ ते २०१५ ही सदतीस वर्षे गुरांच्या बाजाराची घडी साधारण अशी होती. पोळा झाला, धान कापून झाले, की शेतकरी थकलेला बैल आठवडी बाजारात नेई. हेडी दात पाही, खूर पाही, चालवून पाही. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरे. तरणा बैल दुसऱ्या शेतकऱ्याकडे जाई, थकलेला खाटकाकडे. आलेल्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा येई. मोठ्याच्या मटणाचे दुकान, चामड्याचे गोदाम आणि धानाची बांधी एकाच हिशेबात बांधलेली होती, जरी ती एकमेकांकडे पाहत नसत.

२४/
दरम्यान सरकारच्याच दुसऱ्या धोरणाने एक नवा प्रश्न निर्माण केला. दूध वाढवण्यासाठी जर्सी व होल्स्टीनच्या कृत्रिम रेतनाचा प्रसार झाला. संकरित गाय दूध देते, पण तिचा गोऱ्हा ओढकामाला देशी बैलासारखा चालत नाही. उन्हात तो लवकर थकतो, वशिंड नसल्याने जू नीट बसत नाही. वर्धा-नागपूर पट्ट्यातील गवळाऊ जात ओढकामासाठी नावाजलेली. तिच्या गोऱ्ह्याला गिऱ्हाईक होते. संकरित गोऱ्ह्याला जन्मापासूनच पहिली किंमत नव्हती. उरली ती फक्त दुसरी.

२५/
१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने दुरुस्ती विधेयक मंजूर करून घेतले: बैल आणि वळूही संपूर्ण बंदीत. राष्ट्रपतींच्या संमतीसाठी ते जवळजवळ वीस वर्षे दिल्लीत पडून राहिले. मधल्या काळात, २६ ऑक्टोबर २००५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने गुजरातच्या कायद्याचा खटला निकाली काढताना १९५८ ची भूमिका बदलली. म्हातारा बैलही शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी म्हणता येत नाही, असे सहा न्यायमूर्तींनी मानले. एकाने भिन्न मत दिले. संपूर्ण बंदीची वाट मोकळी झाली.

२६/
२०१५ च्या फेब्रुवारीत संमती मिळाली आणि ४ मार्च २०१५ रोजी महाराष्ट्राचा सुधारित कायदा प्रसिद्ध झाला. गाय, वळू, बैल यांची कत्तल, त्यासाठी खरेदी-विक्री व वाहतूक, आणि मांस बाळगणे हे गुन्हे ठरले. कत्तलीस पाच वर्षांपर्यंत कैद व दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगण्यावरील बंदी आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारे कलम रद्द केले.

२७/
भंडारा-गोंदियाच्या दृष्टीने येथे एक दुर्लक्षित योगायोग आहे. या भागात शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीची, जुनी परंपरा आहे. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचे नाटक. पटाच्या बैलाला कामाच्या बैलाहून कितीतरी अधिक मोल मिळते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. त्यानंतर दहा महिन्यांतच कत्तलबंदी आली. बैलाला तीन गिऱ्हाइके होती: शेतकरी, पटाचा शौकीन आणि खाटीक. एका वर्षाच्या आत त्यांतील दोन दिसेनासे झाले. तिसऱ्याच्या दारात ट्रॅक्टर उभा होता.

२८/
पटाचे गिऱ्हाईक पुढे परतले. राज्याने २०१७ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्या प्रकरणात संस्कृती आणि देशी जातींचे जतन हे मुद्दे मांडले गेले: उपयोग आणि मोल असेल तरच शेतकरी बैल पाळील. हाच युक्तिवाद दुसऱ्या किमतीलाही लागू होतो का, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी लावून धरला नाही.

२९/
आता थोडे अंकगणित, केवळ उदाहरणादाखल. समजा, जोडी साठ हजारांना घेतली, आठ वर्षे राबवली आणि शेवटी वीस हजारांना विकली. जोडीची झीज वर्षाला पाच हजार रुपये. शेवटची किंमत शून्य झाली, तर तीच झीज साडेसात हजार. म्हणजे कायद्याच्या एका ओळीने नांगरटीचे भांडवल दीडपट महाग झाले. जोडी विकता येत नसल्याने तिला पोसण्याचा खर्च यात अजून धरलेलाच नाही.

३०/
पोसण्याचा खर्च किती? ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. त्याच सुमारास गोशाळांतील देशी गाईंसाठी दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये अनुदान ठरले. हाच सरकारी दर मोजपट्टी म्हणून घेतला तर एका जनावराचे वर्षाचे १८,२५० रुपये होतात. निवृत्त जोडी पाच वर्षे जगली तर १,८२,५०० रुपये, म्हणजे उदाहरणातील जोडीच्या मूळ किमतीच्या तिपटीहून अधिक. अनुदान गोशाळेला आहे, शेतकऱ्याच्या कोठ्याला नाही.

३१/
शेतकऱ्याने यावर आपले उत्तर दिले, तेही न बोलता. २०१२ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १.५५ कोटी गाई-बैल होते. २०१९ मध्ये सुमारे १.४० कोटी उरले. याच काळात म्हशींची संख्या जवळपास होती तेवढीच राहिली. गोवंशातील घट केवळ कायद्याने झाली असे म्हणता येणार नाही. ट्रॅक्टर, दुष्काळी वर्षे, आटती कुरणे ही कारणे मोठी आहेत. पण ज्या जनावराला शेवटची किंमत आहे ते टिकले, आणि जिची किंमत काढून घेतली त्या जातीची संख्या घटली, ही जोडी डोळ्याआड करता येत नाही.

३२/
म्हशीची कथा याच कारणाने बोलकी आहे. म्हशीचे मांस भारतातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होते आणि गेल्या दशकात या निर्यातीत देश जगाच्या आघाडीवर राहिला. म्हैस आटली तरी तिच्या मालकाचे भांडवल पूर्ण बुडत नाही. भंडाऱ्याच्या चिखलातला हल्या आणि बैल एकाच बांधीत राबले. म्हातारपणी मात्र एक मालमत्ता ठरला, दुसरा दायित्व.

३३/
दुसरी बाजू हलकी नाही. बैल हा कोठ्यातला सोबती आहे. पोळ्याला त्याला ओवाळून पुरणपोळी भरवणाऱ्या घराला तो विकताना काय वाटते, हे कोणत्याही तक्त्यात बसत नाही. दिवाळीच्या पाडव्याला गाय-गोधन साजरे करणारा गोवारी समाज पिढ्यान्‌पिढ्या या गुरांवर जगला. शेणखताचे मोल धानाच्या बांधीला आजही कळते. बंदी मागणाऱ्यांत केवळ शहरी पुढारी नव्हते, गुरे राखणारेही होते.

३४/
तरीही १९५८ चा प्रश्न जागच्या जागी आहे. कायदा बैलाला जगण्याचा हक्क देतो. त्या हक्काची वैरण कोण देणार, हे तो सांगत नाही. १९५० च्या दशकात गोसदनांनी ती द्यायची होती, आज गोशाळांनी द्यायची आहे, आणि दोन्ही वेळी प्रत्यक्षात ती दोन-तीन एकरांच्या धानकऱ्याच्या तणशीच्या ढिगातून येते. ज्याला ती परवडत नाही, तो बैल घेणेच सोडतो. गोवंश वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याच्या छायेत गोऱ्हा दावणीला बांधण्याची इच्छाच आटत जावी, हा या इतिहासातला सर्वांत कठीण धडा.

३५/
नागपूरच्या विधानसभेने १९५६ मध्ये दुसरी किंमत पुसली, दिल्लीच्या न्यायालयाने १९५८ मध्ये ती परत दिली, मुंबईने १९७६ मध्ये तिला दाखल्याचा कागद जोडला आणि २०१५ मध्ये ती पुन्हा पुसली. भंडाऱ्याचा शेतकरी या चारही वेळी त्याच वैनगंगेकाठी, त्याच चिखलात उभा होता. ज्येष्ठात बाजारात बैल घेताना तो आजही दातच पाहतो. पूर्वी दात पाहून तो विचारी, अजून किती वर्षे राबेल? आता त्याच दातांवरून त्याला दुसराही हिशेब करावा लागतो: राबणे संपल्यावर अजून किती वर्षे खाईल?

(धागा समाप्त)